ओठावरचा फोड: गोळी घ्यावी की क्रीम लावावे?

ओठाच्या कडेला चुणचुण होते आणि दुसऱ्या दिवशी पाणीदार फोडांचा पुंजका उठतो. बोलीत ‘ओठावर जर आला’ म्हणतात तो हाच त्रास. यावर वाचकांनी पाठवलेले प्रश्न बहुतेक एकाच शंकेभोवती फिरतात: वरून लावायचे औषध पुरे, की पोटात घ्यायचे? निवडक प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. डोस धडधाकट प्रौढांसाठीचे आहेत. जिथे वेगळे आहे तिथे तसे लिहिले आहे.

प्रश्न: मला वर्षातून तीन-चार वेळा वरच्या ओठावर फोड येतात. दर वेळी ॲसायक्लोव्हिरचे क्रीम आणते, सकाळ-संध्याकाळ लावते, तरी आठ-दहा दिवस जातातच. औषधात दम नाही, की माझे काही चुकते आहे?

दोन गोष्टी चुकत आहेत: लावायला सुरुवात कधी होते आणि दिवसातून किती वेळा लावले जाते.

हे फोड हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूमुळे येतात, बहुतेक वेळा त्याच्या पहिल्या प्रकारामुळे. एकदा शिरलेला हा विषाणू चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाशी जन्मभर झोपून राहतो. ताप, कडक ऊन, जागरण, मासिक पाळी, ओठाला झालेली इजा अशा कारणांनी तो जागा होतो, तंतूवरून खाली उतरतो आणि ओठाच्या कातडीत स्वतःच्या प्रती काढू लागतो. चुणचुण, जळजळ, ताणल्यासारखे वाटणे ही त्याची पहिली वर्दी. तिथपासून पहिल्या एक-दोन दिवसांतच विषाणूंची संख्या कळसाला पोचते. फोड टपोरे दिसू लागतात तोवर शरीराच्या प्रतिकारशक्तीने बराच विषाणू मारायला घेतलेला असतो. फोड फुटून खपली धरली की उरते ती जखम भरण्याची प्रक्रिया.

ॲसायक्लोव्हिर आणि त्याची भावंडे विषाणूला प्रती काढू देत नाहीत. जखम भरण्याचे काम ती करत नाहीत. म्हणून चुणचुण सुरू झाल्याबरोबर लावलेले क्रीम आणि फोड आल्यावर दुकानातून आणून लावलेले क्रीम यांत फार मोठा फरक पडतो. तुमच्या पत्रातला ‘दर वेळी आणते’ हा शब्दप्रयोग आम्हाला म्हणूनच खटकला. औषध घरात आणि प्रवासाच्या पिशवीत आधीपासून असायला हवे.

आता किती वेळा. पाच टक्के ॲसायक्लोव्हिर क्रीम दिवसातून ५ वेळा, म्हणजे जागेपणी साधारण दर चार तासांनी, ४ दिवस लावायचे असते. कातडीत शिरलेले औषध काही तासांतच ओसरते आणि मधल्या मोकळ्या वेळात विषाणू पुन्हा कामाला लागतो. दिवसातून दोनदा लावणे म्हणजे जवळपास न लावणेच. एक टक्का पेन्सिक्लोव्हिर क्रीम जागेपणी दर दोन तासांनी, ४ दिवस. दहा टक्के डोकोसॅनॉल क्रीम दिवसातून ५ वेळा, फोड बरा होईपर्यंत. डोकोसॅनॉलची तऱ्हा वेगळी आहे: ते विषाणूला पेशीत शिरायलाच अडथळा करते. एकदा शिरलेल्या विषाणूवर त्याचा काही उपयोग नाही, म्हणून तिथे तर उशीर अजिबात परवडत नाही.

लावण्याची रीत अशी. हात साबणाने धुवा. ओठ साध्या पाण्याने हलकेच पुसून कोरडा करा. कापसाच्या काडीवर थोडे क्रीम घेऊन फोडांची जागा आणि भोवतीची अर्धा सेंटिमीटर कातडी झाकेल इतका पातळ थर द्या. हलकेच पसरा, घासू नका, कारण घासल्याने फोड फुटून पाणी आजूबाजूला पसरते. नंतरचा अर्धा तास खाऊ-पिऊ नका, ओठांवरून जीभ फिरवू नका. शेवटी पुन्हा हात धुवा. किंचित चुरचुरते, ते बहुधा क्रीममधल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळे. औषध कातडीत उतरवण्याचे काम तोच घटक करतो.

ट्यूबवर ‘क्रीम’ लिहिले आहे ना, हेही पाहा. ॲसायक्लोव्हिरचे चिकट, तुपकट मलमही मिळते. ओठाच्या कातडीत ते नीट उतरत नाही आणि परत-परत येणाऱ्या फोडांवर त्याचा फायदा दिसलेला नाही. डोळ्यात घालायचे तीन टक्क्यांचे मलम तर ओठासाठी नाहीच.

एवढे सगळे बिनचूक केले तरी अपेक्षा बेताची ठेवा. चाचण्यांमध्ये ॲसायक्लोव्हिर क्रीमने झटका (म्हणजे फोडांचा एक फेरा) साधारण अर्धा दिवस लवकर आटोपला, पेन्सिक्लोव्हिर आणि डोकोसॅनॉलने साधारण पाऊण दिवस लवकर. दहा दिवसांचे दुखणे तीन दिवसांवर आणणारे कोणतेही क्रीम नाही.

प्रश्न: एका डॉक्टरांनी व्हॅलासायक्लोव्हिर ५०० च्या चार गोळ्या एकदम आणि बारा तासांनी पुन्हा चार घ्यायला सांगितल्या. आधीच्या डॉक्टरांनी ॲसायक्लोव्हिर पाच दिवस दिले होते. एका वेळी चार गोळ्या वाचूनच धडकी भरली. हे बरोबर आहे का?

बरोबर आहे. ओठावरच्या फोडांसाठी व्हॅलासायक्लोव्हिरचा ठरलेला डोस हाच: २ ग्रॅम, मग १२ तासांनी पुन्हा २ ग्रॅम, आणि उपचार संपला. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्यांना तो चालतो. आकडा मोठा दिसतो, पण त्यामागे नीट विचार आहे.

ॲसायक्लोव्हिर पोटातून रक्तात फार थोडे उतरते, घेतलेल्या गोळीचा साधारण १५ ते २० टक्केच भाग. रक्तातही ते टिकत नाही, अडीच-तीन तासांत निम्मे होते. म्हणून ते दिवसातून ५ वेळा, ५ दिवस द्यावे लागते: दर वेळी २०० किंवा ४०० मिलिग्रॅम. पाच वेळांपैकी दुपारचा आणि रात्रीचा डोस हटकून विसरला जातो. व्हॅलासायक्लोव्हिर हे ॲसायक्लोव्हिरचेच असे रूप आहे की ते आतड्यातून सहज शोषले जाते आणि मग शरीरात ॲसायक्लोव्हिर मोकळे होते. त्यातून ५० टक्क्यांहून अधिक औषध कामी येते. विषाणू जोरात असतो तो एक-दीड दिवसच, तेव्हा त्याच वेळी रक्तातली पातळी खूप वर न्यायची, हा या एका दिवसाच्या उपचाराचा हिशेब. दोन दिवस घेऊन पाहिले तेव्हा जास्त फायदा झाला नाही. त्यामुळे ‘जरा बरे वाटेपर्यंत’ म्हणून गोळ्या पुढे ओढू नका.

तिसरा पर्याय फॅम्सिक्लोव्हिर. १५०० मिलिग्रॅम, एकदाच. हे शरीरात गेल्यावर पेन्सिक्लोव्हिर होते आणि बाधित पेशीत बराच वेळ टिकून राहते, म्हणून एकच डोस पुरतो.

फायदा किती? व्हॅलासायक्लोव्हिरने झटका सरासरी एक दिवसाने लवकर संपला. फॅम्सिक्लोव्हिरच्या एका डोसाने फोड बरे होण्याचा काळ एका चाचणीत सुमारे सहा दिवसांवरून साडेचार दिवसांच्या आत आला. या दोन वेगवेगळ्या चाचण्या आहेत, तेव्हा आकड्यांची थेट तुलना करून एकाला पहिला नंबर देऊ नका. ज्याचा डोस तुम्हाला चुकणार नाही ते औषध निवडा.

गोळ्या भरपूर पाण्याबरोबर घ्या, पोट भरलेले असो वा रिकामे. चारही एकदम गिळवत नसतील तर पाच-दहा मिनिटांत एकेक घ्या. चुणचुण रात्री अकराला सुरू झाली तर सकाळची वाट पाहू नका, पहिला डोस तेव्हाच घ्या. दुसरा १२ तासांनी. अगदीच अडचण असेल तर थोडा अलीकडे चालेल, पण दोघांत किमान ६ तासांचे अंतर हवे. डोके दुखणे आणि मळमळणे हे दोन त्रास सर्वांत जास्त आढळतात आणि एका दिवसात जातात.

एक सावधगिरीचा शब्द. चुणचुण झाली, गोळी घेतली आणि फोड आलाच नाही, असे झाले की सगळे श्रेय गोळीला दिले जाते. औषध न घेताही बरेचसे झटके चुणचुणीवरच विरतात. म्हणून एका अनुभवावरून औषधाची पारख करू नका, तीन-चार झटके पाहा.

प्रश्न: मग सरळ प्रत्येकाने गोळीच घ्यावी ना? क्रीम कोणासाठी उरते? आणि दोन्ही एकत्र घेतले तर?

वर्षातून एक-दोनदा, एकच छोटा पुंजका, दुखणे सोसवण्याजोगे: अशा माणसाला क्रीम पुरे. खरे तर नुसते पेट्रोलियम जेली लावून खपली मऊ ठेवली तरी चालते. गोळी पचत नसेल, मूत्रपिंडे कमजोर असतील किंवा आधीच बरीच औषधे चालू असतील तर क्रीमचा मोठा गुण हा, की ते रक्तात जवळजवळ उतरतच नाही.

दर वेळी दोन-तीन ठिकाणी फोड येणे, ओठ सुजणे, गळ्यात गाठी येणे, खाणे-बोलणे अवघड होणे, चार दिवसांवर लग्न किंवा मुलाखत असणे, किंवा आधीच्या एखाद्या फोडानंतर हातापायांवर गोल चकत्यांसारखे पुरळ उठलेले असणे: यांतले काहीही असेल तर आम्ही गोळीच्या बाजूने आहोत. गोळी रक्तातून आतून पोचते, तिला कातडीचा अडसर नाही, आणि दिवसातून पाच वेळा हात धुऊन आरशासमोर उभे राहावे लागत नाही. कामाच्या ठिकाणी क्रीमचे डोस चुकतात, आणि डोस चुकले की क्रीमचा आधीच बेताचा असलेला फायदाही जातो.

दोन्ही एकत्र घेण्याने नुकसान नाही, पण आम्ही तसे सुचवत नाही. गोळी वेळेत पडली असेल तर वर क्रीमने लक्षणीय भर पडत नाही, उलट सतत हात लागतो.

फोड फुटून ओला झाला असेल किंवा खपली धरली असेल तर गोळी आणि क्रीम दोन्हींची वेळ टळलेली आहे. तेव्हा खपली काढू नका. पेट्रोलियम जेलीचा थर दिवसातून अनेकदा द्या, म्हणजे हसताना-बोलताना खपली चिरून पुन्हा रक्त येणार नाही. दुखत असेल तर पॅरासिटामॉल. हायड्रोकोलॉइडची छोटी गोल पट्टी मिळाली तर ती जखम ओलसर ठेवते आणि बोटांपासून वाचवते. पट्टी लावायची तर आधी जेली लावू नका, ती चिकटणार नाही.

गोळ्यांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि चिठ्ठी मिळेपर्यंत दिवस जातो. फोड नसतानाच डॉक्टरांना भेटा, एका झटक्यापुरते औषध लिहून घ्या आणि पाकिटात ठेवा.

प्रश्न: वडील ७२ वर्षांचे आहेत. मूत्रपिंडे थोडी कमजोर, क्रिएटिनिन वाढलेले. त्यांना गोळ्या द्याव्यात का?

नेहमीचा पूर्ण डोस देऊ नका. ही सगळी औषधे लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडे मंद असली की ती साचतात, आणि ॲसायक्लोव्हिर फार साचले तर मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत त्याचे स्फटिक होऊन आणखी इजा करतात.

अहवालात नुसते क्रिएटिनिन पाहू नका, डॉक्टरांकडून क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडे मिनिटाला किती रक्त गाळतात त्याचा अंदाज) काढून घ्या. क्रिएटिनिन जरासेच वाढलेले असले तरी वय आणि वजन धरल्यावर वृद्ध माणसाची मूत्रपिंडे निम्मेच काम करत असल्याचे निघू शकते. मिनिटाला ५० मिलिलिटर किंवा जास्त असेल तर व्हॅलासायक्लोव्हिरचा पूर्ण डोस. ३० ते ४९ असेल तर १ ग्रॅम, १२ तासांनी पुन्हा १ ग्रॅम. १० ते २९ असेल तर ५०० मिलिग्रॅम दोनदा. १० च्या खाली ५०० मिलिग्रॅम एकदाच. डायलिसिसवर असतील तर वेळ त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावी.

त्या दिवशी पाणी व्यवस्थित प्यायला द्या (पाण्यावर बंधन घातलेले नसेल तर) आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळा, त्या मूत्रपिंडांवरचा भार वाढवतात. गोळ्यांनंतर एक-दोन दिवसांत वडील असंबद्ध बोलू लागले, नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या, हातपाय थरथरू लागले किंवा गुंगी आली तर ‘वयामुळे होत असेल’ म्हणून सोडून देऊ नका. हे औषध साचल्याचे लक्षण असू शकते. पुढचा डोस थांबवून लगेच रुग्णालयात न्या.

फोड लहान असेल तर त्यांच्यासाठी क्रीम ही जास्त शहाणपणाची निवड.

प्रश्न: मला जवळजवळ दर महिन्याला फोड येतो. रोज एक गोळी घेऊन हे कायमचे थांबते का? लायसिन या अमिनो आम्लाच्या गोळ्यांनी फरक पडतो का?

रोजच्या गोळीने झटके बरेच कमी होतात, पण विषाणू मज्जातंतूच्या मुळातून जात नाही. गोळी थांबवली की झटके पुन्हा येऊ शकतात. विषाणू मुळापासून काढणारे औषध आज नाही.

वर्षातून सहा किंवा अधिक झटके, किंवा संख्या कमी पण प्रत्येक झटका जबर, असे असेल तर रोजच्या गोळीचा विचार करावा. ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा. ॲसायक्लोव्हिरच्या चार महिन्यांच्या चाचणीत झटक्यांची संख्या साधारण निम्म्यावर आली. सहा महिने ते वर्षभर घेऊन मग थांबवून पाहतात. काहींना तोवर मुळातच झटके कमी झालेले असतात. धडधाकट माणसात विषाणू औषधाला दाद देईनासा होणे विरळाच आहे, त्या भीतीने मागे राहू नका. क्रीम रोज लावून मात्र फोड टळत नाहीत. प्रतिबंधासाठी गोळीच, क्रीम नाही.

गोळी सुरू करण्याआधी दोन महिने नोंद ठेवा: झटका कोणत्या तारखेला आला, आदल्या तीन दिवसांत काय घडले. दर वेळी उन्हानंतर येत असेल तर आधी एसपीएफ ३० चा ओठांचा बाम दर दोन तासांनी लावून पाहा, खाल्ल्या-प्यायल्यानंतर पुन्हा. पाळीच्या आसपास येत असेल तर तेवढ्याच दिवसांपुरती गोळी घेता येते. डोंगर, बर्फ, समुद्र अशा ठिकाणी जायचे असेल किंवा ओठाजवळ लेझर किंवा फिलर करून घ्यायचे असेल तर डॉक्टर आदल्या दिवसापासून गोळी सुरू करतात. लेझरनंतर कातडी पूर्ण भरेपर्यंत ती चालू ठेवतात, कारण सोललेल्या कातडीवर हा विषाणू चेहराभर पसरू शकतो.

लायसिनच्या गोळ्यांबद्दलही तुम्ही विचारले आहे. त्यांच्या बाजूचा पुरावा इतका दुबळा आहे की त्यावर पैसे घालवा असे आम्ही सांगणार नाही.

पूर्वी वर्षात एखादाच फोड येत असे आणि आता दर महिन्याला येतो, किंवा जखमा पसरट होऊन दोन-तीन आठवडे भरत नाहीत, असे असेल तर आधी प्रतिकारशक्ती कशाने घटली आहे का ते तपासून घ्या. एचआयव्ही, कर्करोगावरचे उपचार, अवयव रोपणानंतरची किंवा संधिवातावरची औषधे, दीर्घकाळ चाललेले स्टिरॉइड: अशा रुग्णांनी क्रीमवर वेळ घालवू नये. त्यांना पोटातून आणि कधी शिरेतून औषध लागते.

प्रश्न: घरात खाजेचे मलम होते, त्यात स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक तिन्ही आहेत. ते लावल्यावर लाली गेली, पण दोन दिवसांत फोड गालापर्यंत पसरले.

मलम ताबडतोब थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, या टप्प्यावर बहुधा पोटातून औषध लागेल. स्टिरॉइडने लाली आणि सूज दबते म्हणून बरे वाटते, पण त्याच वेळी विषाणूला रोखणाऱ्या पेशीही दबतात. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, बुरशीनाशक बुरशीवर. विषाणूवर त्या ट्यूबमधले काहीच चालत नाही.

ॲसायक्लोव्हिर ५ टक्के आणि हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का यांचे एकत्र क्रीम काही ठिकाणी ओठावरच्या फोडांसाठीच मिळते, त्यामुळे गोंधळ होतो. त्यात सौम्य स्टिरॉइडच्या जोडीला विषाणूवरचे औषध असते. ते पहिल्या तासांतच लावायचे, दिवसातून ५ वेळा, ५ दिवस. त्याने जखम होणाऱ्या झटक्यांचे प्रमाण काहीसे घटते. घरच्या घरी दोन ट्यूब मिसळून ते तयार होत नाही.

टूथपेस्ट, स्पिरिट, चुना यांनी कातडी भाजते आणि खपली जाड होते. बर्फ कपड्यात गुंडाळून पाच-दहा मिनिटे धरला तर ठणका कमी होतो, तेवढे खुशाल करा.

प्रश्न: तोंडाच्या आत, ओठाच्या मागे पांढरे व्रण येतात. त्यांना हेच क्रीम चालेल का?

नाही. गालाच्या आत, ओठाच्या आतल्या बाजूला किंवा जिभेखाली येणारा पांढरट-पिवळट, लाल कडेचा व्रण म्हणजे बहुतेक वेळा साधे तोंड येणे. तिथे हा विषाणू नसतो आणि आधी फोडही येत नाही. हर्पिसचा परतलेला झटका ओठाच्या बाहेरच्या कडेवर येतो, क्वचित टाळूच्या कडक भागावर किंवा हिरडीवर. क्रीम तोंडात लावण्यासाठी बनवलेले नाही.

ओठांचे दोन्ही कोपरे चिरत असतील तर बुरशी, जिवाणू किंवा लोह-जीवनसत्त्वांची कमतरता शोधा. मधासारखी पिवळी खपली भराभर पसरत असेल, विशेषतः मुलांत, तर तो जिवाणूंचा संसर्ग, त्याला अँटिबायोटिक लागते.

प्रश्न: तीन वर्षांच्या मुलीला ताप आहे, हिरड्या लालबुंद सुजल्यात, तोंडभर फोड, पाणीसुद्धा पीत नाही. तिला क्रीम लावू का?

क्रीमचा इथे उपयोग नाही. वर्णनावरून हा विषाणूचा पहिला संसर्ग वाटतो आणि तो परतलेल्या फोडांपेक्षा खूप मोठा असतो. आजच डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या ७२ तासांत ॲसायक्लोव्हिरचे पातळ औषध सुरू केले तर ताप आणि व्रण लवकर आटोक्यात येतात. नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस. एका वेळी २०० मिलिग्रॅमच्या वर नाही.

इथे हमखास होणारी चूक मापाची आहे. १२ किलोच्या मुलीला एका वेळी १८० मिलिग्रॅम हवे. बाटलीवर ‘५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम’ असेल तर ते साडेचार मिलिलिटर होतात. ‘५ मिलिलिटरमध्ये ४०० मिलिग्रॅम’ असेल तर सव्वादोन. दोन्ही प्रकारच्या बाटल्या असतात, म्हणून ‘एक चमचा’ असा निरोप पुढे देऊ नका. सुई नसलेल्या सिरिंजने मोजा.

औषधाइतकेच महत्त्वाचे पोटात पाणी जाणे. पॅरासिटामॉल दिल्यावर अर्ध्या तासाने दुखणे कमी असते, तेव्हा गार पाणी, गार दूध घोटाघोटाने द्या. आंबट आणि खारट टाळा. लिडोकेनचा सुन्न करणारा जेल इतक्या लहान मुलीला स्वतःहून लावू नका, गिळला गेला तर आकडी (फिट) येऊ शकते. ॲस्पिरिनही नको. आठ तासांत लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांतून पाणी येत नाही किंवा मुलगी मलूल पडली तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न: बाळ पंधरा दिवसांचे आहे आणि माझ्या ओठावर फोड आला आहे. दूध पाजू का? गोळी घेऊ का?

दूध पाजा. स्तनावर फोड नसेल तर काहीच हरकत नाही. पण खपली पडून कातडी कोरडी होईपर्यंत बाळाचा एकही मुका घेऊ नका, बाळाला घेताना मास्क लावा आणि दर वेळी आधी साबणाने हात धुवा. घरातल्या आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हाच नियम. पहिल्या काही आठवड्यांत हा विषाणू बाळाच्या मेंदूपर्यंत किंवा यकृतापर्यंत पोचू शकतो आणि ते जिवावर बेतते. बाळाला ताप आला, अंग थंड पडले, दूध ओढेनासे झाले, मलूल झाले किंवा अंगावर कुठेही पाणीदार फोड दिसला तर त्याच तासाला रुग्णालयात न्या आणि घरात कोणाच्या ओठावर फोड होता हे आवर्जून सांगा.

ॲसायक्लोव्हिर आणि व्हॅलासायक्लोव्हिर दुधात अगदी थोडे उतरते. डॉक्टरांना विचारून गोळी घेता येईल. गरोदरपणातही सर्वांत जास्त अनुभव ॲसायक्लोव्हिरचाच आहे.

प्रश्न: फोडाला हात लागला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच बाजूचा डोळा लाल आहे, उजेड सहन होत नाही. घरात डोळ्यांचे थेंब आहेत.

थेंब घालू नका, त्यात स्टिरॉइड असेल तर बुबुळावरचा व्रण पसरून दृष्टी जाऊ शकते. कॉन्टॅक्ट लेन्स काढा आणि आजच नेत्रतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न: क्रीमची ट्यूब अर्धी उरते. पुढच्या वेळी वापरावी का? नवऱ्यालाही फोड येतात, एकच ट्यूब चालेल का?

प्रत्येकाची ट्यूब वेगळी हवी. टोक थेट फोडावर टेकवले जाते आणि तिथूनच विषाणू दुसऱ्याकडे जातो. ओठांचा बाम, पेला आणि टॉवेल यांचेही तसेच. खपली पडेपर्यंत चुंबन आणि मुखमैथुन टाळा. मुखमैथुनातून हाच विषाणू जननेंद्रियांवर जातो.

कापसाच्या काडीने काढली असेल आणि मुदत संपलेली नसेल तर उरलेली ट्यूब पुढच्या झटक्याला वापरता येते. ट्यूब उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा. ॲसायक्लोव्हिर क्रीम २५ अंशांच्या खाली ठेवायचे असते, पण फ्रिजमध्ये नाही. थंडीने क्रीमचा पोत फुटतो. दाणे दिसू लागले किंवा पाणी वेगळे झाले तर ती ट्यूब टाकून द्या आणि चुणचुणीची वाट न पाहता नवी आणून ठेवा.